जुने कन्सोल, नवा पडदा : एका जोडणीचा इतिहास

१/ जुने गेम कन्सोल नव्या एचडी टीव्हीला जोडले की बहुधा तीनपैकी एक गोष्ट घडते. पडद्यावर ‘सिग्नल नाही’ अशी पाटी येते. किंवा चित्र येते, पण फिकट, आडवे ताणलेले आणि कडांना करवतीसारखे दाते फुटलेले. किंवा चित्र बरे दिसते, पण बटण दाबल्यावर मारिओ किंचित उशिराने उडी मारतो आणि खड्ड्यात पडतो. यंत्र धडधाकट असते, टीव्हीही नवाकोरा असतो. दोघे दोन वेगळ्या काळांत घडलेले असतात, इतकेच. त्या दोन काळांमधल्या अंतराचा हा इतिहास. (धागा)

२/ प्रारंभ अमेरिकेत होतो. राल्फ बेअर हे मूळचे जर्मनीतील ज्यू. नाझी राजवटीच्या काळात, १९३८ मध्ये, त्यांचे कुटुंब देश सोडून अमेरिकेत आले. पुढे ते सँडर्स असोसिएट्स या लष्करी इलेक्ट्रॉनिक्सच्या कंपनीत अभियंता झाले. १९६६ मध्ये त्यांनी चार पानांचे एक टिपण लिहिले. त्यामागचा विचार साधा होता. घरोघरी टीव्ही संच आहेत आणि त्यांचा एकच उपयोग होतो : केंद्रावरून जे येईल ते पाहणे. त्याच संचावर घरातल्या माणसांना काही खेळता आले तर?

३/ अडचण अशी की त्या काळच्या टीव्हीला बाहेरून चित्र आत घेण्याचा एकच दरवाजा होता : अँटेनाचा. टीव्हीला फक्त प्रक्षेपण केंद्राची भाषा कळत असे. म्हणून खेळाच्या यंत्रालाच एक चिमुकले प्रक्षेपण केंद्र व्हावे लागले. १९७२ मध्ये मॅग्नावॉक्स कंपनीने बेअर यांच्या कल्पनेवरून ‘ओडिसी’ हे पहिले घरगुती कन्सोल बाजारात आणले. ते अँटेनाच्या जागी जोडायचे आणि टीव्ही ३ किंवा ४ क्रमांकाच्या चॅनेलवर लावायचा. टीव्हीच्या दृष्टीने ते आणखी एक केंद्र होते, फक्त त्याचा मनोरा खोलीतच होता.

४/ ओडिसीला पडद्यावर काही चौकोनी ठिपके आणि एक उभी रेषा, एवढेच काढता येई. मैदान, रस्ता, जाळी हे सारे रंगीत पारदर्शक प्लास्टिकवर छापलेले असे आणि ते टीव्हीच्या काचेवर चिकटवायचे. संचांचे आकार निरनिराळे, म्हणून ही पाने दोन मापांत मिळत. म्हणजे अगदी पहिल्या कन्सोलपासून खेळाचे अर्धे चित्र यंत्रात होते आणि अर्धे टीव्हीवर. योगायोग असा की त्याच वर्षी, २ ऑक्टोबर १९७२ रोजी, मुंबईचे दूरचित्रवाणी केंद्र सुरू झाले. एकीकडे लोक टीव्हीशी खेळू लागले, तेव्हा महाराष्ट्र टीव्ही पाहायला नुकता शिकत होता.

५/ पुढचे सारे समजण्यासाठी जुन्या टीव्हीची पिक्चर ट्यूब कशी चाले, हे पाहावे लागेल. तिच्या मागच्या निमुळत्या टोकातून इलेक्ट्रॉनांचा झोत निघतो आणि काचेच्या आतल्या बाजूला लावलेल्या फॉस्फरच्या लेपावर आदळतो. जिथे आदळतो तिथे क्षणभर उजेड पडतो. हा झोत डावीकडून उजवीकडे एक रेषा काढतो, परततो, थोडा खाली सरकून दुसरी काढतो. असे करत तो तळाशी पोहोचला की पुन्हा वर जातो. कोणत्याही क्षणी काचेवर प्रत्यक्ष उमटत असतो तो एक ठिपका. संपूर्ण चित्र फॉस्फरची ऊब आणि डोळ्यांची सवय यांच्या भरवशावर उभे राहते.

६/ भारताने स्वीकारलेल्या पद्धतीत एका चित्राच्या ६२५ रेषा असत. एका रेषेला ६४ मायक्रोसेकंद मिळत. अमेरिका आणि जपानमध्ये ५२५ रेषांची पद्धत होती. वायरीतून येणाऱ्या सिग्नलमध्ये ‘हे चित्र घ्या’ असे काही नसे. आता उजळ, आता मंद, आता परत फिर, आता वर जा, अशा झोताला दिलेल्या आज्ञांची ती अखंड ओळ असे. जुन्या कन्सोलमधून बाहेर पडते ते हेच. ते झोताचे वेळापत्रक आहे. आणि वेळापत्रक ज्या गाडीसाठी लिहिले आहे, तिच्यावाचून त्याला अर्थ नसतो.

७/ १९७७ च्या अटारी कन्सोलमध्ये तर संपूर्ण चित्र साठवायला जागाच नव्हती. त्याची कामाची स्मृती होती अवघी १२८ बाइट. या धाग्यातला एक परिच्छेदही तीत मावणार नाही. त्यामुळे प्रोग्राम लिहिणाऱ्याला झोताच्या पुढे-पुढे धावावे लागे : झोत एक रेषा काढत असताना त्या रेषेत काय दिसावे ते त्याच वेळी ठरवायचे, रेषा संपताच पुढची. हिशेब चुकला की चित्र विस्कटले. त्या खेळांचे एकसंध चित्र यंत्राच्या आत कधी अस्तित्वातच नव्हते. ते प्रथम आणि शेवटी तयार होई ते टीव्हीच्या काचेवर.

८/ १५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये निन्टेंडोचे ‘फॅमिकॉम’ आले. हेच यंत्र १९८५ मध्ये ‘एनईएस’ या नावाने अमेरिकेत पोहोचले. त्याचे चित्र २५६ ठिपके रुंद आणि २४० रेषा उंच. तेही पूर्ण चित्र साठवत नसे. ८ बाय ८ ठिपक्यांच्या छोट्या फरश्या जोडत ते रेषेमागून रेष सोडत जाई. एका रेषेवर आठपेक्षा अधिक हलत्या आकृती त्याला दाखवता येत नसत. म्हणून गर्दी झाली की खेळ त्यांना आळीपाळीने दाखवी. खेळणाऱ्याला शत्रू लुकलुकताना दिसत. फॉस्फर आणि डोळा यांनी ती उणीव सांभाळून घेतली.

९/ आता एक बारीक पण निर्णायक गोष्ट. प्रक्षेपणात प्रत्येक चित्र दोन हप्त्यांत येई : आधी विषम रेषा, मग त्यांच्या मधल्या जागेत सम रेषा. हे गुंफण साधण्यासाठी दर हप्त्याला अर्ध्या रेषेचा फरक ठेवलेला असे. कन्सोल बनवणाऱ्यांनी हा अर्धा फरक काढून टाकला. त्यामुळे प्रत्येक हप्ता आधीच्याच रेषांवर पुन्हा उमटू लागला, चित्र स्थिर झाले आणि मधल्या रेषा काळ्याच राहिल्या. जुन्या खेळांच्या चित्रात दिसणाऱ्या बारीक काळ्या पट्ट्यांचे मूळ इथे आहे. अधिकृत नियमात ही पद्धत बसत नव्हती. पण पिक्चर ट्यूब नियमांची पडताळणी करत नसे. ती आज्ञा पाळे.

१०/ भारतात रंगीत प्रक्षेपण आले १९८२ मध्ये, आशियाई क्रीडास्पर्धांच्या वर्षी. पुढच्या दशकात फॅमिकॉमच्या नकला भारतीय बाजारात आल्या आणि ‘टीव्ही गेम’ किंवा नुसते ‘व्हिडिओ गेम’ या नावाने महाराष्ट्रातही घराघरांत शिरल्या. शेकडो खेळांची जाहिरात करणारी आणि प्रत्यक्षात तेच दहा-वीस खेळ पुन्हा पुन्हा दाखवणारी कॅसेट, सोबत प्लास्टिकची बंदूक, आणि अँटेनाच्या खाचेत जाणारी वायर. चॅनेल लावणे हा एक विधीच होता. एकजण संचाजवळ उभा राहून बारीक खुंटी फिरवी, आणि मुंग्यांच्या पडद्यातून हळूहळू रंग वर येत.

११/ ‘गेम लावून लावून टीव्हीची ट्यूब जाईल’ ही घरातल्या वडीलधाऱ्यांची तंबी त्या पिढीने ऐकलेली आहे. ती निव्वळ धाक नव्हती. एकाच जागी तासन्‌तास उजळ आकृती राहिली की तिथला फॉस्फर झिजतो आणि त्या आकृतीची पुसट सावली काचेवर कायमची उरते. सुरुवातीच्या चेंडू-फळीच्या खेळांत, ज्यांत गुणफलक आणि सीमारेषा हलतच नसत, हा धोका खरा होता. घरात एकच टीव्ही आणि तो वर्षानुवर्षे टिकवायचा, अशा संसारात ती काळजी रास्तच म्हणावी लागेल.

१२/ मग टीव्ही बदलला. सपाट पडद्यात झोत नाही, फॉस्फरवर धावणारा ठिपका नाही. तिथे ठरावीक संख्येच्या चौकोनी पेशींची जाळी आहे : एचडीमध्ये १९२० आडव्या, १०८० उभ्या. तिला आज्ञांची ओळ नको, प्रत्येक पेशीचा आकडा हवा. डिसेंबर २००२ मध्ये एचडीएमआय या जोडणीचा पहिला आराखडा जाहीर झाला. तीतून आकडेच जातात. जुन्या सिग्नलला या टीव्हीत शिरायचे तर आधी कुणीतरी त्या प्रवाहाचे आकड्यांत रूपांतर करायला हवे.

१३/ जुन्या खाचा टीव्हीवरून हळूहळू का गेल्या, याचे एक कारण जागा आणि खर्च. दुसरे कारण कायदेशीर होते. ॲनालॉग सिग्नलची नक्कल सहज करता येते, त्याला कुलूप घालणे कठीण. म्हणून ब्ल्यू-रे डिस्कच्या संरक्षणप्रणालीच्या परवान्यातच अट होती : २०१० नंतर बनणाऱ्या प्लेयरमधून ॲनालॉग मार्गाने उच्च दर्जाचे चित्र देऊ नये, आणि २०१३ नंतर बनणाऱ्यांतून ॲनालॉग चित्र मुळीच देऊ नये. अट प्लेयरवर होती, टीव्हीवर नव्हती. पण देणाराच गेला की घेणाऱ्याची खाचही मागे राहत नाही. चित्रपटांच्या मालकीच्या या भांडणात जुन्या कन्सोलचा काहीच संबंध नव्हता. दरवाजा मात्र त्याचाही बंद होत गेला.

१४/ इथे मराठी इतिहासाच्या वाचकाला एक ओळखीची गोष्ट आठवेल : मोडी. मोडीत आधी संपूर्ण ओळीची शिरोरेषा ओढायची आणि तिला अक्षरे टांगत जायचे. शब्दांमध्ये अंतर नाही, विरामचिन्हे नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. लिहिणारा आणि वाचणारा एकाच व्यवहारातले असल्यामुळे कुणाचे काही अडत नसे. तोच कागद बालबोधीत छापायचा म्हटले की लिप्यंतरकाराला शब्द तोडावे लागतात, वेलांटी पहिली की दुसरी ते ठरवावे लागते. मूळ कागदाने जे कधी सांगितलेच नाही, ते छापील प्रतीला सांगावेच लागते.

१५/ जुने कन्सोल एचडी टीव्हीला जोडणे हे याच जातीचे लिप्यंतर आहे. वायर जोडल्यासारखी दिसते, पण आत कुणीतरी निर्णय घेत असते : टीव्हीतील एक चिप, किंवा मधल्या कन्व्हर्टरमधील. पहिला निर्णय रेषांचा. प्रक्षेपणाचा अर्ध्या रेषेचा फरक कन्सोलने काढून टाकला होता, हे अनेक नव्या टीव्हींच्या चिपला ओळखता येत नाही. ती समजते की हे दोन हप्त्यांतले नेहमीचे चित्र आहे. म्हणून ती लागोपाठचे दोन स्वतंत्र हप्ते एकमेकांत गुंफते. धावणारी आकृती मग अर्धी इथे, अर्धी तिथे. कडांना फुटलेले दाते हे या चुकीच्या वाचनाचे फळ.

१६/ याच चुकीचा दुसरा परिणाम अधिक फसवा आहे. मार खाल्लेला नायक लुकलुकतो, किंवा पायाखालची सावली एका हप्त्यात दाखवून दुसऱ्यात लपवलेली असते. जुन्या काचेवर ती अर्धपारदर्शक भासे. दोन हप्त्यांना एक समजणारी चिप कधी ती सावली पट्ट्यापट्ट्यांची करते, कधी सरसकट दाखवते, तर कधी पूर्ण गिळून टाकते. पाहणाऱ्याला काही हरवले आहे हे कळतही नाही. इतिहासाच्या साधनांतही फाटलेला कागद इतका घातक नसतो. वाचणाऱ्याने गाळलेली आणि गाळल्याची खूण न ठेवलेली ओळ अधिक घातक.

१७/ दुसरा निर्णय रंगाचा, आणि तो सर्वांत विलक्षण. फॅमिकॉमच्या चित्र बनवणाऱ्या चिपमध्ये लाल, हिरवा, निळा असे आकडे कुठेच नाहीत. ती थेट प्रक्षेपणाच्या पद्धतीची रंगलहर तयार करते, आणि त्या लहरीचा रंग कोणता ते टीव्ही ठरवतो. म्हणजे पन्नासहून थोडे अधिक रंग दाखवणाऱ्या या यंत्राच्या रंगांची ‘अस्सल’ यादीच नाही. निन्टेंडोनेच नाणे टाकून खेळायच्या यंत्रांसाठी लाल-हिरवा-निळा वेगळे देणारी चिप बनवली, पण तिचे रंग घरच्या यंत्राशी तंतोतंत जुळत नाहीत.

१८/ म्हणून १९८५ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मधील आकाश निळे की जांभळट, हा वाद आजही मिटलेला नाही, आणि मिटण्याजोगा नाही. मोडी कागदावर एकच वेलांटी असते. ती ऱ्हस्व होती की दीर्घ हे विचारणे जितके सार्थ, तितकाच हा प्रश्न सार्थ. प्रत्येक घरातला टीव्ही वेगळा आणि रंगाची खुंटी फिरवणारा हातही वेगळा. आकाशाचे रंग जितकी घरे तितके होते. नवा टीव्ही त्यांतला एक निवडतो आणि तोच कायम करतो.

१९/ तिसरा निर्णय आकाराचा. जुना पडदा ४:३ प्रमाणाचा, नवा १६:९. टीव्हीला मोकळे सोडले तर तो चित्र आडवे ताणतो आणि वर्तुळाचे अंडे होते. शिवाय फॅमिकॉमचा ठिपका चौरस नव्हताच. त्याची रुंदी आणि उंची यांचे प्रमाण जवळपास ८:७ असे. नव्या जाळीत तो नेमका बसवणेही कठीण. २४० रेषांना चारने गुणले तर ९६०, पाचने गुणले तर १२००. १०८० मध्ये त्या साडेचार पटीने येतात, म्हणून काही रेषा जाड, काही बारीक होतात. फोर-के पडद्यावर, २१६० मध्ये, त्या बरोबर नऊ पट बसतात. पडदा जितका नवा, तितके जुने चित्र नीट मांडता येते, हा इतिहासाचा विनोदच.

२०/ चौथा निर्णय धूसरतेचा. जुनी पिवळी वायर रंग आणि उजेड एकत्र वाहून नेई, त्यामुळे शेजारचे ठिपके एकमेकांत मिसळत. कलावंतांना हे ठाऊक होते आणि काहींनी त्याचा उपयोग केला. सेगाच्या मेगा ड्राइव्हवरील १९९१ च्या ‘सोनिक’मधील धबधबा हे प्रसिद्ध उदाहरण. त्या यंत्राला खरी पारदर्शकता सहज देता येत नव्हती. म्हणून धबधबा एकाआड एक उभ्या रेषांनी काढला. पिवळ्या वायरीतून तो काचेवर पोहोचेपर्यंत रेषा विरघळून पाणी होई. स्वच्छ एचडी चित्रात तेच पाणी गजांसारखे उभे राहते.

२१/ पाचवा निर्णय वेळेचा. झोताला थांबणे माहीत नव्हते. रेषा आली की उमटली. नवा टीव्ही आधी पूर्ण चित्र साठवतो, मग ते मोठे करतो, सुधारतो आणि मग दाखवतो. सेकंदाला ६० चित्रे धरली तर एका चित्राचा उशीर म्हणजे सुमारे १७ मिलिसेकंद, तिघांचा ५०. चित्रपट पाहताना हे कुणाला जाणवणार नाही. पण त्या खेळांची उडी याच मापात आखलेली आहे. ‘पूर्वी हा टप्पा सहज पार व्हायचा, आता हात राहिला नाही’ असे चाळिशीतला खेळाडू म्हणतो, तेव्हा दोष पुष्कळदा हाताचा नसतो.

२२/ आणि एका गोष्टीचे लिप्यंतर होतच नाही. १९८४ च्या ‘डक हंट’ची बंदूक. तिच्यातून काही सुटत नसे. तीच टीव्हीचा उजेड पाहत असे. चाप ओढला की पडदा एका चित्रापुरता काळा होई, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन येई. बंदुकीला तो उजेड ठरल्या क्षणी दिसला तर नेम लागला. शिवाय ती साध्या दिव्याला फसू नये म्हणून सेकंदाला सुमारे १५ हजार रेषांच्या गतीने लखलखणाराच उजेड मानत असे. सपाट पडद्यावर तो लखलखाट नाही, आणि क्षणही चुकलेला असतो. बदक दिसते, बंदूक दिसते, पण शिकार होत नाही.

२३/ मग घरच्या माळ्यावरचे यंत्र नव्या टीव्हीला जोडायचे कसे? आधी यंत्राच्या मागे पाहावे. केवळ अँटेनाची वायर असेल तर टीव्हीत ॲनालॉग चॅनेल शोधण्याची सोय हवी. पिवळी-पांढरी-लाल पिन असेल तर टीव्हीवर ‘एव्ही’ शोधावे. पुष्कळ टीव्हींत आता त्यासाठी हेडफोनसारखी एकच बारीक खाच असते आणि तिला वेगळी जोडवायर लागते. काहींत पिवळी पिन हिरव्या खाचेतच घालायची असते. चित्र कृष्णधवल आले तर यंत्र बिघडलेले नसते. टीव्हीला त्या खाचेचा दुसरा अर्थ सांगितलेला असतो, तो मेनूत बदलावा.

२४/ टीव्हीवर अशी खाच नसेल तर कन्व्हर्टर लागतो. घेताना दिशा पाहावी : ‘एव्हीकडून एचडीएमआयकडे’ आणि ‘एचडीएमआयकडून एव्हीकडे’ ही दोन वेगळी यंत्रे आहेत, आणि दिसायला जुळी. स्वस्त कन्व्हर्टर चित्र आणतो, पण दातांची आणि गिळलेल्या सावल्यांची चूक बहुधा तोच करतो. टीव्हीच्या मेनूत चित्राचे प्रमाण ४:३ करावे आणि ‘गेम मोड’ चालू करावा. त्यामुळे टीव्ही सुधारणेचा सोस आवरतो आणि उशीर घटतो. जुन्या यंत्रासाठी नव्या टीव्हीने कमी हुशार होणे, हीच मोठी मदत.

२५/ याहून काळजीने काम करणारी साधने हौशी मंडळींनीच घडवली. ‘ओपन सोर्स स्कॅन कन्व्हर्टर’ हे त्यांपैकी एक : त्याचा आराखडा सर्वांना खुला आहे. ते पूर्ण चित्र साठवत नाही. आलेली रेषा तिथल्या तिथे दुप्पट-तिप्पट करून पुढे सोडते, म्हणून उशीर नगण्य. ‘रेट्रोटिंक’सारखी यंत्रे काळ्या पट्ट्या आणि फॉस्फरची पोतही पुन्हा रेखाटतात. यांची खरी थोरवी स्वच्छ चित्रात नाही. इथे निर्णय लपलेला नसतो. कोणती वेलांटी निवडली, ते वापरणाऱ्याला दिसते आणि बदलता येते. चांगल्या संपादकाची हीच खूण.

२६/ पण लिप्यंतर तपासायचे तर मूळ लिपी जिवंत हवी. इथे या कथेचा एक धागा मराठवाड्यातून जातो. छत्रपती संभाजीनगरजवळ, पैठण रस्त्यावरच्या चितेगावला कारखाने असलेल्या व्हिडिओकॉन समूहाने २००५ मध्ये फ्रान्सच्या थॉमसन कंपनीचा पिक्चर ट्यूबचा व्यवसाय विकत घेतला. जग सपाट पडद्याकडे वळत असताना हा समूह ट्यूबच्या बाजूने उभा राहिला. ट्यूबच्या काचेसाठी त्याचा भरूचला कारखाना होता. बाजार आटत गेला. २०१८ मध्ये, इतर अनेक कारणांसह, समूह दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेला. ज्या काचेवर त्या खेळांचे चित्र पुरे होई, ती बनवण्याची विद्या पाहता पाहता बाजारातून उठली.

२७/ उरलेले संच भंगारात जात आहेत. ट्यूबभोवतीच्या तांब्याला भाव मिळतो, शिसे मिसळलेल्या काचेला मिळत नाही. फोडलेली काच मग मातीत पडते. ज्याच्या घरी चालू ट्यूब टीव्ही आहे, त्याने तो विकण्याआधी दोनदा विचार करावा. मात्र तो स्वतः उघडू नये. बंद केल्यावरही ट्यूबमध्ये जीवघेणा विद्युतदाब उरू शकतो. आणि संच ठेवणे शक्य नसेल, तर निदान चालू काचेचे एक छायाचित्र, यंत्राचे नाव, वायर कोणती होती, एवढे टिपून ठेवावे. उद्याच्या अभ्यासकाला तेही साधन होईल.

२८/ यात पणाला काय लागले आहे? आजचा दहा वर्षांचा मुलगा ते खेळ एचडी पडद्यावर पाहतो आणि म्हणतो, जुने लोक असल्या ठोकळ्यांत रमत होते. त्याने पाहिलेले ठोकळे तसे कुणी पाहिलेच नव्हते. मूळ चित्र गोलसर, उबदार, किंचित थरथरणारे होते, आणि ते घडवणाऱ्यांनी काचेवर पाहून घडवले होते. वाईट लिप्यंतर वाचून मूळ लेखकाला अडाणी ठरवावे, तसा हा न्याय आहे. आणि चाळिशीतला बापही जेव्हा म्हणतो की ‘आठवणीत ते अधिक सुंदर होते’, तेव्हा त्याची आठवण खोटे बोलत नसते.

२९/ १८९८ पासून इतिहासाचार्य राजवाडे ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ छापू लागले. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले. छापील बालबोध प्रतींमुळे हजारो वाचकांना तो काळ वाचता आला, आणि रुमालात बांधलेले मोडी कागद जपले म्हणून त्या प्रती पुन्हा तपासता येतात. दोन्ही लागतात. कन्व्हर्टर घ्यावा, खेळ नव्या पडद्यावर खेळावा, मुलांना दाखवावा. मात्र पडद्यावर जे दिसते ते एका वाचकाने लावलेले वाचन आहे, हेही त्यांना सांगावे. (धागा समाप्त)